डोळस काडीची ठकूमाय

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते विचारू नका, कारण सांगणाऱ्यांनाही ते ठाऊक नव्हतं. घाटातून तेव्हा गाडीवाट झाली नव्हती, माणसं खिंडीतून पायीच जात-येत, आणि आपल्या या बारा खोऱ्यांत अंजिराची झाडं एकाच ठिकाणी होती. धोंडवळला, मोकाशांच्या बागेत.

बाग डोंगराच्या कुशीत होती. मागं कडा, पुढं ओढा. तिथलं अंजीर मुठीत मावायचं नाही, आणि पिकलं की त्याच्या बुडाशी मधाचा थेंब उभा राहायचा. असं म्हणतात, की त्या वासानं खिंडीतून जाणारा ओझ्याचा बैलसुद्धा मान वळवून थांबायचा.

बागेचे धनी हैबतराव मोकाशी. माळी कोंडजी. आणि कोंडजीची लेक ठकू. ठकूचा नवरा साथीत गेला तेव्हा ती बापाकडे परत आली आणि बागेत राबू लागली. तिला एका जागी बसणं ठाऊकच नव्हतं. भाकरी खाताना उभी, बोलताना चालती. बायका म्हणायच्या, "हिच्या तळपायाला निखारा चिकटलाय."

दर माघ पौर्णिमेला मोकाशी काड्यांचं दान करायचे. झाडांची छाटणी झाली की अंजिराच्या काड्या बागेच्या दारात रचून ठेवायच्या, आणि लांबलांबच्या वाड्यावस्त्यांची माणसं त्या घ्यायला यायची. कुणाकडं खडकाळ माळ, कुणाकडं ओढ्याकाठची चार हात जागा. तिथं एक झाड व्हावं, पोरांच्या तोंडात दोन फळं पडावीत, एवढीच आशा. मोकाशी स्वतःच्या हातानं प्रत्येकाला काडी द्यायचे. लोक पाया पडायचे, जयजयकार करायचे, काडी ओल्या फडक्यात गुंडाळून लेकरासारखी छातीशी धरून न्यायचे.

आणि काडी कुठंही जगायची नाही.

एकाही गावात नाही. लोक म्हणायचे, आमची मातीच करंटी. आमच्या पाण्यात दोष. अंजीर फक्त मोकाशांच्याच पुण्याईवर येतं. पुढच्या माघात पुन्हा यायचे, पुन्हा पाया पडायचे.

अशी तीस वर्षं गेली. मग कोंडजीचे हात म्हातारपणानं थरथरायला लागले. कोयती धरली तरी छाट वाकडा जायचा. त्यानं ठकूला बागेच्या पार टोकाला नेलं आणि म्हणाला, "यंदापास्नं दानाच्या काड्या तू कर. आधी खरी काडी कशी करतात ते बघ."

त्यानं दाखवलं. गेल्या सालची फांदी घ्यायची, तपकिरी झालेली, करंगळीएवढी जाड. हिरवी, कोवळी नको, ती कुजते. लांबी दीड वीत. तिच्यावर चार-पाच डोळे असावेत. डोळा म्हणजे पेरावरचा तो टपोरा कोंब, ज्यातून पान फुटतं. खालचा छाट पेराच्या लगेच खाली, सरळ आडवा, कारण मुळं पेरातूनच निघतात. वरचा छाट डोळ्याच्या बोटभर वर, तिरका, म्हणजे पाणी वर थांबत नाही आणि लावणाऱ्यालाही कळतं की डोकं कुठलं, पाय कुठला. पानं, कच्ची फळं काढून टाकायची. कोयतीला धार अशी, की साल चेंगरली नाही पाहिजे. छाटल्यावर पांढरा चीक गळतो, तो सावलीत वाळू द्यायचा. मग लावायची. दोन डोळे मातीत, दोन वर.

"समजलं?" कोंडजीनं विचारलं.

"समजलं, आबा."

"आता दानाची काडी कशी करायची ते बघ." त्यानं दुसरी काडी घेतली. तीही तशीच छाटली. पण मग अंगठ्याचं नख एकेका डोळ्यावर रोवलं आणि दाबलं. करकन बारीकसा आवाज आला. वरून बघितलं तर काही दिसत नव्हतं. डोळा नुसता चपटा झाला होता. "अशी आंधळी करायची. सगळ्या."

ठकूला काही कळेना. "मग फुटणार कशी?"

"फुटायचीच नाही." कोंडजी तिच्याकडं बघत नव्हता. "धन्यांच्या आज्यापास्नं असंच चाललंय. दान दिल्याचं नाव होतं, आणि बाग एकटीच राहते. आपण त्यांच्या जमिनीवर राहतो, पोरी. इचारू नको."

ठकूनं विचारलं नाही. त्या साली तिनं बापानं सांगितलं तसं केलं. हे लपवून चालणार नाही. ठकूमायची गोष्ट सांगणारे पुष्कळ जण हा भाग गाळतात, पण माझ्या आजीनं तो कधी गाळला नाही. त्या एका माघात ठकूनं शेकडो काड्यांचे डोळे आपल्या नखानं फोडले.

पुढच्या वर्षी, दानाच्या चार दिवस आधी, एक बाई बागेच्या कुंपणाशी येऊन उभी राहिली. दगडखोरीची गिरजा. पायात काटे मोडलेले, पदराखाली काहीतरी धरलेलं. ठकू पाट वळवत होती.

"अक्का," गिरजा म्हणाली, "माळीण ना तू? एवढं बघ आणि माझं काय चुकलं तेवढं सांग."

तिनं पदराखालून गेल्या माघात नेलेली, वाळलेली काडी काढली. "तीन साल नेतीया. शेणखत घातलं. डोईवर घागरी आणून पाणी घातलं. उन्हात फाटकं लुगडं धरून सावली केली. फुटत न्हाई. घरात म्हणत्यात, हिच्या हातात जळ हाय, लावंल ते वाळतं. आता मला पेरणीला हात लावू देत न्हाईत. परवा जावेची तुळस वाळली, तीबी माझ्याच नावावर. खरं सांग, असा वाईट हात असतो का गं कुणाचा?"

ठकूनं काडी हातात घेतली. डोळ्यावर नखाची खूण होती, चंद्रकोरीसारखी. तिनं आपला अंगठा त्यावर ठेवला. खूण नखाला नेमकी जुळली.

तिनं काडी गिरजाला परत दिली. एवढंच म्हणाली, "तुझा हात वाईट न्हाई, बाई. पौर्णिमेला ये. नक्की ये."

गिरजा गेली. ठकू बागेत या टोकाहून त्या टोकाला चालू लागली. पाट वाहून गेला, तिला भान नाही. चूल विझली, तिला भान नाही. असं म्हणतात, की त्या चार दिवसांत ती इतकी चालली की झाडांच्या ओळींमध्ये तिच्या पावलांची खोल चरी पडली आणि त्या चरीतून पाणी वाहू लागलं. कोंडजी म्हणाला, "बस की जरा." ती म्हणाली, "आबा, बसले की त्या काड्या दिसत्यात."

डोळे शाबूत ठेवून काड्या द्यायच्या, हे तिनं ठरवलं. पण मोकाशी कच्चे नव्हते. काडी देताना ते प्रत्येक डोळ्यावरून बोट फिरवत. टपोरा लागला तर लगेच कळलं असतं. तेव्हा ठकूनं चुलीतली राख वस्त्रगाळ केली, ती अंजिराच्याच चिकात कालवली, आणि छाटलेल्या प्रत्येक काडीच्या डोळ्याभोवती लेप दिला. लेप वाळला की साल आणि डोळा एकसारखा सपाट लागे. आत डोळा जिवंत. अंजिराचा चीक कातडीला सोसत नाही. तिच्या दोन्ही हातांची सालं निघाली, बोटांना भेगा पडल्या. तरी तिनं हात धुतले नाहीत.

पौर्णिमा आली. दारात माणसांची रांग लागली. मोकाशी चौरंगावर बसले. ठकू एकेक काडी त्यांच्या हातात देई, ते बोट फिरवत आणि पुढं करत. माणूस पाया पडून वळला की ठकू हळूच म्हणे, "घरी गेल्यावर ओल्या फडक्यानं डोळे पुसा. हळू पुसा." लोक माना डोलवत आणि जात. गिरजाही घेऊन गेली.

मग आडदऱ्याचा रावजी आला. म्हातारा, आणि कानानं ठार. त्यानं काडी घेतली, ठकूचं बोलणं त्याला ऐकू गेलं नाही, आणि तो तिथंच उभा राहून ओरडला, "काय म्हणालीस पोरी? काय पुसायचं?"

रांगेतली माणसं वळून बघू लागली. मोकाशींनी मान वर केली. "काय सांगतेस गं त्याला?"

 ठकू अडखळली नाही. ती म्हाताऱ्याच्या कानाशी ओरडली, "डोळं पुसा म्हणते, बाबा! रडू नका! धनी देत्यात न्हवं काडी?"

रावजीच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं, म्हातारपणाचं. त्यानं उपरण्यानं ते पुसलं. लोक हसले. मोकाशीही हसले आणि पुढच्या काडीवरून बोट फिरवू लागले.

काड्या गेल्या. आता ठकूला दुसरी काळजी. जगतील का? पुसल्या असतील का? उलट्या तर लावल्या नसतील? तिचं कशात लक्ष लागेना. महिना कसाबसा काढला आणि एका सकाळी बापाला न सांगता ती दगडखोरीच्या वाटेला लागली. दुपारी पोचली तेव्हा गिरजा घरामागं बसली होती आणि तिचे दोन्ही हात काडीच्या भोवती होते, उपटायच्या बेतात.

"थांब!" ठकूनं धावत जाऊन तिचे हात धरले.

"अक्का, बघ की," गिरजा रडत हसत होती, "पान आलंय! पण नवरा म्हणतो ही भुलवणी हाय, मूळ असलं तर दाखव. म्हणून जरा वर काढून बघत व्हते."

"पान आधी येतं. काडीत साठलेल्या रसावर येतं. मूळ मागनं येतं. आता उपटलीस तर ते केसासारखं बारीक मूळ तुटंल आणि पुन्हा येणार न्हाई. लावल्यापास्नं चाळीस दिस हात लावायचा न्हाई. वाटलं तरी न्हाई."

"मग जिवाला चैन कसं पडावं?"

"पडत न्हाई," ठकू म्हणाली. "मला तरी कुठं पडतंय? जीव लई तगमगला तर चाल. काडीला सोडून चाल."

असं म्हणतात, की गिरजानं उरलेले दिवस काडीपासून ओढ्यापर्यंत आणि ओढ्यापासून काडीपर्यंत चालून काढले. एकेचाळिसाव्या दिवशी त्या काडीला हाताच्या पंज्याएवढं पान होतं, आणि पुढं मृगाच्या पेरणीला गिरजाच्या सासूनं बियाण्याची ओटी स्वतः तिच्या कमरेला बांधली.

दगडखोरीतच नाही, त्या साली सगळीकडं काड्या फुटल्या; ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या रावजीच्या काडीचाही लेप वाटेतच सुटला होता. आणि तिथंच घात झाला. आषाढात आडदऱ्याचा रावजी नारळ घेऊन धोंडवळला आला. मोकाशांच्या ओसरीवर पंचक्रोशीतली माणसं बसलेली असताना त्यानं तो नारळ त्यांच्या पायाशी ठेवला आणि आपल्या मोठ्या आवाजात म्हणाला, "धनी, तुमची काडी जगली! तुमच्या हाताला देव हाय!"

बसलेल्यांतले दुसरेही म्हणाले, "आमचीबी जगली." "आमच्याकडं तर दोन जगल्या." मोकाशी काय करणार? त्यांनी हसून नारळ घेतला. दान देणाऱ्याला दान फळल्याचा राग येतो, हे चारचौघांत कसं दाखवणार? सगळे गेल्यावर त्यांनी ठकूला बोलावलं.

"डोळे फोडले नाहीस."

"न्हाई."

"का?"

"तुम्ही तर फकस्त बोट फिरवायचा, धनी. नख माझं होतं."

मोकाशींनी हातातला नारळ खाली ठेवला. मग म्हणाले, "तुला शिक्षा केली तर लोक कारण विचारतील. म्हणून करत नाही. पण धोंडवळच्या शिवेत तुझा पाय पुन्हा दिसता कामा नये. आजच निघ."

ठकू घरी आली. कोंडजी उंबऱ्यावर बसला होता. त्याला सगळं कळलं होतं. त्यानं तिला थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तो गावांची नावं घेऊ लागला. "आडदरा. दगडखोरी. वरची पिंपरण. खालची पिंपरण. भुतेघर. कातळमाळ..." तीस वर्षांत त्यानं ज्या ज्या गावाला आंधळी काडी दिली, ती सगळी नावं. ठकू उभ्यानं ऐकत होती आणि मागोमाग म्हणत होती. उन्हं कलेपर्यंत नावं चालली. शेवटी म्हातारा अडखळला. "अजून एक गाव व्हतं. एक बाप आणि त्याची आंधळी लेक येत. दरसाल येत. नाव आठवत न्हाई गं. नाव आठवत न्हाई." असं म्हणत तो कपाळ बडवू लागला.

"असू दे, आबा," ठकू म्हणाली. "मी हुडकते."

तिनं पाटीत ओलं गोणपाट अंथरलं, त्यात काड्या रचल्या, कोयती कमरेला खोवली, आणि शीव ओलांडली. बापाला तिनं पुन्हा पाहिलं नाही.

त्यानंतर ठकू जी चालली ती चाललीच. एका गावात जायची, काडी कशी करायची ते दाखवायची, चार घरी लावून द्यायची, पाणी प्यायची आणि पुढं. कुणी म्हणे, "ठकूबाई, आज रहा." ती म्हणे, "एक गाव राहिलंय." सगळी नावं फिरून झाली तेव्हा ती बारा खोऱ्यांच्या पलीकडं गेली. वयानं ठकूबाईची ठकूमाय झाली, तरी पाय थांबले नाहीत.

असं म्हणतात, की चालताना तिच्या पाटीतल्या काड्यांना पानं फुटायची, आणि उन्हाच्या दिवसांत तिच्या डोक्यावर तिच्याच पाटीची सावली असायची. असं म्हणतात, की तिनं डोळे मिटून काडीवरून हात फिरवला तरी ती सांगायची, ही उगवतीच्या बाजूच्या फांदीची, ही मावळतीची. कातळमाळला जमिनीत वीतभरही माती नव्हती. तिथं तिनं कातळाच्या भेगेत काडी उभी केली आणि भेगेला म्हणाली, "जागा दे, बाई." ती भेग रुंदावत गेली, आणि आज तिथं झाड आहे, तुम्ही बघितलंच असेल. आणि भुतेघरच्या भांडखोर भावांनी बांधावरून एकमेकांवर काठ्या उगारल्या, तेव्हा तिनं त्यांच्या मधल्या बांधावरच काडी लावली आणि निघून गेली. फळ दोन्हीकडं पडतं. भावांना भांडायला कारण उरलं नाही, अशातला भाग नाही, पण ते निदान झाडाखाली बसून भांडू लागले.

तिकडं धोंडवळला वेगळंच घडत होतं. मोकाशांच्या बागेत खोडकिडा शिरला. एका झाडाच्या खोडातून भुसा गळू लागला, मग दुसऱ्या, मग ओळीच्या ओळी. झाडं उभी वाळली. तीन वर्षांत बागेत हिरवं पान उरलं नाही. नवी काडी घ्यायची तर कुठून? झाडच नव्हतं.

तेव्हा हैबतराव मोकाशी, आता तेही म्हातारे झालेले, काठी टेकत दगडखोरीला आले. गिरजाचं झाड तोवर घराएवढं झालं होतं. नेमकी ठकूमाय त्या दिवशी तिथं होती. मोकाशी झाडाखाली उभे राहिले आणि म्हणाले, "एक काडी पाहिजे."

दगडखोरीची माणसं जमली. तोवर सगळ्यांना सगळं कळून चुकलं होतं. एक जण म्हणाला, "देऊ की, त्यात काय! ठकूमाय, दे यांना काडी. त्यांच्या रिवाजानं दे." दुसरा म्हणाला, "हां. डोळे फोडून दे." सगळे तेच म्हणू लागले. "फोड! फोड!"  गिरजा मात्र ठकूमायच्या हाताकडं बघत होती.

ठकूमायनं फांदी निवडली. तपकिरी, करंगळीएवढी. खालचा छाट सरळ, पेराच्या लगेच खाली. वरचा तिरका, डोळ्याच्या बोटभर वर. माणसं बघत होती. तिनं चीक पुसला आणि अंगठा डोळ्याजवळ नेला. मग हात मागं घेतला.

"एकदा फोडलेत," ती लोकांना म्हणाली. "पुन्हा माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. कुणाला फोडायचे असतील त्यानं पुढं यावं."

कुणी पुढं आलं नाही.

मोकाशींनी काडी घेतली. सवयीनं बोट डोळ्यावरून फिरवलं. टपोरा होता. तरी त्यांनी विचारलं, "खरी आहे ना?"

"खरी हाय," ती म्हणाली.

पण ज्यानं जन्मभर आंधळ्या काड्या वाटल्या, त्याचा विश्वास कसा बसावा? मोकाशींनी काडी लावली आणि तिसऱ्या दिवशी उकरून पाहिली. सातव्या दिवशी पुन्हा. काडी वाळली. ते पुन्हा आले, पुन्हा नेली. पुन्हा उकरली. ती गेली. तिसऱ्यांदा आले तेव्हा ठकूमाय फिरत फिरत पुन्हा दगडखोरीला आली होती, आणि त्यांचे पाय सुजलेले होते. "मला कळतं की उकरू नये," ते म्हणाले. "सकाळी कळतं. दुपारी हात आपोआप मातीत जातो. हे बाग गेल्याचं दुःख नाही, ठके. हा संशय मला खातोय."

ठकूमायनं पाटी उचलली. "चला," ती म्हणाली.

"माझ्या शिवेत यायला तुला बंदी आहे," मोकाशी खाली बघत म्हणाले. "मीच केलेली."

"मग उठवा ती."

"उठवली."

ती धोंडवळला आली. बापाच्या खोपटाच्या जागी चार दगड उरले होते. त्यांना हात लावून तिनं तो कपाळाला लावला, आणि वाळलेल्या बागेच्या मधोमध काडी लावली. मोकाशींना सांगितलं, "चाळीस दिस मी इथनं हलणार न्हाई. तुम्ही शिवायचं न्हाई."

आता बघा, जिला भाकरी खाण्याइतका वेळही एका जागी बसवलं नाही, ती चाळीस दिवस कशी थांबणार? पहिल्या दिवशी तिचे पाय जळू लागले. दुसऱ्या दिवशी खिंडीतला वारा आला आणि तिला वाटलं, ते राहिलेलं गाव हाका मारतंय. तिसऱ्या दिवशी ती उठली आणि काडीभोवती फेऱ्या मारू लागली. जवळ जाईना, लांब जाईना. हात पाठीमागं बांधलेले, आणि फेऱ्या. मोकाशी बांधावरून बघत. उकरायला हात शिवशिवला की तेही उठून तिच्या मागं चालू लागत. पुढं ठकूमाय, मागं मोकाशी, आणि मध्ये दीड वितीची काडी. पाहणारे आधी हसले. मग हसायचे थांबले. असं म्हणतात, की विसाव्या दिवसापासून ओढ्यावरचे पक्षीसुद्धा त्याच रिंगणात घिरट्या घालू लागले.

एकेचाळिसाव्या दिवशी दुपारी ठकूमायनं काडीला बोटानं हलकासा धक्का दिला. काडी हलली नाही. जमिनीनं तिला धरलं होतं. मोकाशी मटकन खाली बसले आणि लेकरासारखे रडले. त्यांनी तिला जेवायला थांब म्हटलं. ती म्हणाली, "एक गाव राहिलंय," आणि खिंडीच्या वाटेला लागली. त्या रिंगणाच्या वाटेवर आजही गवत उगवत नाही.

पुढं ठकूमायचं काय झालं, ते कुणी छातीठोकपणे सांगत नाही. काही वर्षांनी गुराख्यांना तिची पाटी खिंडीत सापडली. पाटीतल्या काड्यांची मुळं वेताच्या विणीतून खाली कातळात गेली होती आणि वर झाडोरा माजला होता. ती मात्र नव्हती. पायांचे ठसे पलीकडं उतरत गेले होते, अशी आठवण आहे. परतीचे ठसे नव्हते.

आता आपल्या बारा खोऱ्यांत घरोघर अंजीर आहे. आणि माघ पौर्णिमेला धोंडवळात अजून काय होतं, ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी एकदा जाऊन पाहावं. त्या दिवशी गावात कुणी बसत नाही. म्हातारी माणसंसुद्धा काठीच्या आधारानं उभी राहतात. सगळे बागांतून काड्या छाटतात आणि गावातली सगळ्यात जुनी माळीण एकेक काडी उन्हाला धरून बघते. वाकडा छाट निघाला तर ओरडत नाही, नुसती परत देते. मग माणसं पाट्या डोक्यावर घेऊन चारी दिशांना निघतात, आणि पहिली काडी शिवेबाहेर गेल्याची हाळी येईपर्यंत कुणी घोटभर पाणीही पीत नाही.

आणि नव्या झाडाचं पहिलं पिकलं अंजीर घरात नेत नाहीत. देवापुढंही ठेवत नाहीत. घरातली सून ते ओंजळीत घेऊन रस्त्यावर उभी राहते, आणि जो कुणी पहिला चालत येईल त्याला देते. नाव विचारायचं नाही, जात विचारायची नाही, गाव विचारायचं नाही. त्यानं ते उभ्याउभ्या खायचं आणि आपल्या वाटेनं जायचं. तो वळणाआड गेला की मगच घरातलं लहान पोर झाडावर चढतं.

पारसाल माझ्या सुनेनं एका बोहारणीला दिलं. तिनं खाल्लं, बोटं चोखली, डोक्यावरची भांडी सावरली आणि काही न बोलता चालू लागली. आम्ही दारात उभ्या होतो, ती दिसेनाशी होईपर्यंत.